माताम्बाची वासरे आणि बेंता

ईश्वराला साक्ष ठेवून, आणि तो यातले बरेचसे आधीपासून पाहतोच आहे हे धरून, मी ग्रासिया मेंदिस, कै. बास्तियन मेंदिस यांची विधवा, जन्म अंगोलात, राहणार व्हर्जिनिया वसाहतीच्या पूर्व किनाऱ्यावर नॉर्थॅम्प्टन परगण्यात खाडीकाठी, वय सत्तरीच्या पुढे, धंदा गुरे राखणे, आज हे मृत्युपत्र लिहवून ठेवत आहे. पाय सुजले आहेत, चार पावलांत दम लागतो, पण डोके ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. मी प्यालेली नाही. रागात आहे का असे कोणी विचारील, तर आहे. राग म्हणजे वेड नव्हे, एवढे कोर्टाने ध्यानात ठेवावे.

मला लिहिता येत नाही. लिहिणारे शाळामास्तर जोनास ऑल्ड्रेड आहेत. ते मधूनमधून लेखणी थांबवतात आणि म्हणतात, "ग्रासियाबाई, असलं काही मृत्युपत्रात घालत नाहीत." मी त्यांना सांगितले आहे, "तुम्ही लिहीत राहा, मास्तर. काय घालायचं नाही ते माझ्या मागनं ठरवा." मेलेल्या माणसाचे मृत्युपत्र आमच्याकडे भर कोर्टात मोठ्याने वाचतात. परगण्यातले लोक बाकांवर बसून ऐकतात आणि समोर न्यायाधीशांच्या खुर्च्यांपैकी एकीवर थॉमस पेंडल बसलेला असतो. जिवंतपणी त्या कोर्टात मला तोंड उघडू दिले नाही. आता वाचून दाखवावे लागेल.

पहिले माझ्या देहाविषयी. तो माझ्याच रानात, पीचच्या झाडांखाली, बास्तियन आणि आमची मुलगी लुझिया यांच्या शेजारी पुरावा. चर्चच्या आवारात नको. माझा बाप्तिस्मा लुआंडाच्या धक्क्यावर झाला. एका पोर्तुगीज पाद्र्याने आम्हा सगळ्यांवर एकदमच पाणी शिंपडले आणि जहाजात भरले. लुझियाचा मात्र आम्ही इथल्या चर्चमध्ये रीतसर करवला, कारण तेव्हा सगळे सांगत, ख्रिस्ती माणसाला ख्रिस्ती माणूस जन्मभर गुलाम ठेवू शकत नाही. पुढे वसाहतीच्या सभेने कायदा केला की बाप्तिस्म्याने आत्म्याची सुटका होते, अंगाची नाही. त्यानंतर मी त्या चर्चच्या दारात गेले ती फक्त कराची पावती दाखवायला. स्वतंत्र काळ्या बाईच्या डोक्यावर कर असतो. गोऱ्या बाईच्या नसतो.

आता मुख्य गोष्ट. माझी नात बेंता, लुझियाची मुलगी, वय एकोणीस, ही आज कायद्याने माझी मालमत्ता आहे. गाय जशी माझी, तशी ती माझी. मी तिला थॉमस पेंडलकडून विकत घेतली. मी मेले की ती मोकळी व्हावी आणि पुन्हा कोणाच्या दावणीला जाऊ नये, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप आहे. बाकी भांडीकुंडी काय, ती कोणीही नेली असती.

बेंता कशी विकत घ्यावी लागली ते सांगते. मास्तर म्हणतात, थोडक्यात सांगा. थोडक्यात सांगण्यासारखे झाले नाही.

मी दहाएक वर्षांची असताना मला थोरल्या पेंडलने, म्हणजे थॉमसच्या बापाने, एका कप्तानाकडून तंबाखू देऊन घेतले. त्याच झोपडीत आयर्लंडहून आलेली होनोरा होती. तिच्याकडे करारनाम्याचा कागद होता, अमुक वर्षे चाकरी आणि मग मोकळी. माझ्याकडे कागदच नव्हता. पण काम तेच, तंबाखूच्या पानांतल्या अळ्या दोघींचेही हात वेचत, आणि मक्याच्या कण्या आम्ही एकाच लोखंडी भांड्यातून खात असू. त्या काळी इथे मालक आणि चाकर अशा दोन जाती होत्या. गोरा हा शब्द कायद्यात अजून आला नव्हता. माझ्याच देशचा बास्तियन पेंडलची गुरे राखी, आणि कागद असो नसो, कष्ट करून माणूस सुटत असे. सुटलेली माणसे आम्ही रोज डोळ्यांनी पाहत होतो.

थोरल्या पेंडलने बास्तियनला एक कालवड बक्षीस दिली. तिचे नाव त्याने माताम्बा ठेवले, आमच्या मुलखाच्या पलीकडच्या राज्याचे. गाय द्यायची आमच्याकडे एक रीत आहे. गुरे रानात मोकळी चरतात, कोणाची कोणती ते कानाच्या कापावरून ओळखायचे. म्हणून जो गाय देतो तो कोर्टात जाऊन लिहून देतो की अमुक गाय आणि तिची पुढची सगळी पैदास, कायमची, अमक्याची. पैदास लिहून घेतली नाही तर वासरे देणाऱ्याची राहतात. बास्तियनने ते नीट लिहून घेतले, दोनदा वाचून घेतले. ती पैदास विकून, आपली किंमत भरून आम्ही सुटलो. आधी तो सुटला. मग लुझिया जन्मली. मग दोन वर्षांनी माझी किंमत पुरी झाली.

लुझियाच्या वेळी बास्तियनने थोरल्या पेंडलला विचारले होते. मी तिथेच पाळण्याजवळ उभी होते.

"मालक, पोरीचंही कोर्टात लिहून ठेवू या का?"

थोरला पेंडल हसला होता. "अरे, वेडा का तू? वासरं लिहून घ्यावी लागतात, पोरं नाही. पोर बापाची. तू मोकळा, तर तीही मोकळी. जा, दूध काढ."

तो खोटे बोलत नव्हता. इंग्रजांची रीत तीच होती, मूल बापाच्या नावावर, बापाच्या दर्जावर. मागाहून मला पुष्कळ शहाण्यांनी ऐकवले की तुम्ही तेव्हाच लिहून घ्यायला हवे होते. मी त्यांना विचारते, तुमच्यापैकी किती जणांनी आपले मूल आपले आहे असे कोर्टात लिहून घेतले आहे? चूक आमची नव्हती. जो कायदा अजून कोणाच्या डोक्यात आला नव्हता त्याच्यावर आम्ही उपाय कसा करावा?

तो कायदा नंतर आला. सभेने ठरवले की इंग्रज पुरुषाला काळ्या बाईपासून मूल झाले तर ते बांधलेले की मोकळे, हे आईवरून ठरेल, आणि तोच नियम सगळ्या मुलांना. का ठरवले? कारण चाकरांच्या झोपड्यांत मालकांच्याच नाकाडोळ्यांची पोरे हिंडायला लागली होती आणि त्यांतले कोणी ना कोणी कोर्टात बापाच्या नावाने उभे राहत होते. बापाची जबाबदारीही टळली आणि फुकटात एक गुलामही वाढला. असला दुहेरी फायदा माणसे सोडतात का?

थोरला पेंडल वारला तेव्हा लुझिया सोळा वर्षांची होती. आमच्याच घरात वाढलेली, स्वतःची दोन गुरे सांभाळणारी. थॉमस दोन माणसे घेऊन आला आणि म्हणाला, ही माझ्या बापाच्या मालमत्तेत मोजायची राहून गेली. आम्ही कोर्टात गेलो. तिथे थॉमसने बास्तियनच्या गाईचे दानपत्र दप्तरातून काढायला लावले.

तो म्हणाला, "याच माणसानं याच कोर्टात गाय आणि तिची पैदास लिहून घेतली. वासरं त्याची का? तर गाय त्याची म्हणून. मग ही पोरगी जन्मली तेव्हा हिची आई कोणाची होती? माझ्या बापाची. नियम त्यालाच पसंत होता ना?"

बाकांवरचे लोक हसले. बास्तियन हातात टोपी घेऊन उभा होता. मी बोलायला पुढे झाले तर शिपायाने मला मागे ढकलले. घरी आल्यावर बास्तियनने ती संध्याकाळ गोठ्यात काढली आणि पुढे मरेपर्यंत त्याने कोणत्याही वासराच्या कानाला सुरी लावली नाही. ते काम मी केले.

लुझिया थॉमस पेंडलच्या स्वयंपाकघरात राहिली आणि बेंताला जन्म देऊन चौथ्या दिवशी गेली. बेंताचा बाप थॉमस पेंडल आहे. मास्तरांनी इथे लेखणी ठेवली होती, मी ती त्यांच्या हातात परत दिली. सगळ्या परगण्याला हे ठाऊक आहे. तिची हनुवटी आणि डाव्या भुवईतला भोवरा पाहा आणि मग न्यायाधीशांच्या खुर्चीकडे पाहा. जुनी रीत असती तर बेंता मोकळी जन्मली असती, बापावरून. म्हणजे ज्याने माझ्या मुलीला वासराच्या नियमाने नेले, त्यानेच स्वतःच्या मुलीला वासराच्या नियमाने आपल्या दावणीला बांधले. मानहानीचा दावा लावायचा असेल तर त्याने माझ्यावर लावावा. माझा पत्ता वर पीचच्या झाडांखाली दिला आहे.

बेंताला सोडवायला मी त्याच्याकडे गेले तेव्हा त्याने गुरे मागितली, ठरावीक संख्येने, सगळी गाभण किंवा दुभती, आणि शेवटचे जनावर पोचल्यावरच खरेदीखत करीन म्हणाला. मी वर्षानुवर्षे नेऊन देत राहिले. शेवटची गाय नेली तेव्हा तो अंगणात आला, तिच्या पोटावर हात फिरवला आणि म्हणाला, "ही वांझ वाटते, ग्रासिया. गाभण झाली की आण."

"मालक, मी तीस वर्षं गुरं राखते. ही वांझ नाही."

"तू राखतेस, पण घ्यायची मला आहे."

गाय पुढच्या हिवाळ्यात व्याली. तोवर नवा कायदा झाला होता, आणि तो होणार हे थॉमसला आधीच कळले असणार, सभेत ऊठबस असलेले त्याचे मित्र आहेत. आता कोणीही गुलामाला मुक्त केले, तर त्याला सहा महिन्यांच्या आत वसाहतीबाहेर पाठवायचे, खर्च मालकाचा. त्याच कायद्यात तो गोरा शब्द आहे, मास्तरांनी मला बोट ठेवून दाखवला. म्हणजे बेंता माझ्या हातात आली तेव्हा तिला मोकळी करायची म्हणजे घराबाहेर काढायचे, आणि घरात ठेवायचे म्हणजे गुलाम ठेवायचे. एका वर्षाने चुकले. त्या एका वर्षाला मी शिव्या घालते तेव्हा मास्तर खिडकीबाहेर बघतात.

यंदाच्या वसंतात आणखी एक कायदा आला. गुलामाच्या खुणेचे जनावर मालकाने आपल्या खुणेखाली घ्यावे, नाहीतर ते गोरगरिबांसाठी म्हणून जप्त होईल. बेंताची एक गाय होती, मी तिला दिलेली, माताम्बाच्या पणतीची मुलगी, बेंताने लहानपणी स्वतः कान कापून खूण केलेली. मला त्या गाईचा कान दुसऱ्यांदा कापावा लागला. बेंता तिचे शिंग धरून उभी होती. ती म्हणाली, "आजी, आता हिला दुखतंय ते मला जास्त दुखतंय, पण काप तू." मी कापला. हे मी विसरणार नाही आणि कोर्टानेही विसरू नये.

आता वाटप.

माझी जमीन, घर आणि पीचची झाडे होनोराला, ती जिवंत असेपर्यंत. ती म्हातारी मुलाच्या ओट्यावर झोपते. तिचा मुलगा डेनिस थॉमस पेंडलचा मुकादम आहे. परवा मी होनोराला भेटायला गेले तर हा डेनिस मला म्हणाला, "ग्रासिया, मागच्या दारानं ये. पुढच्या अंगणात गोऱ्या माणसांचं येणंजाणं असतं."

होनोरा आतून ओरडली, "मेल्या, हिच्या गाईच्या दुधावर वाढलास तू. तेव्हा विचारलं होतंस का, दूध कुठल्या दारानं आलं?"

म्हणून अट अशी की डेनिसने या जमिनीवर यायचे झाल्यास मागच्या दाराने यावे. मास्तर म्हणतात अशी अट टिकणार नाही. न टिको, वाचली तर जाईल. आम्ही दोघी ज्यातून जेवलो ते लोखंडी भांडेही होनोराला. थडग्यांभोवती कुंपण राखणे तिच्याकडे, डुकरे उकरतात.

होनोराच्या पश्चात जमीन मॅन्युएल सेझरची. मॅन्युएल हा स्वतंत्र काळा माणूस, होड्या बांधतो, आणि बेंताशी लग्न करणार आहे. तोच माझ्या मृत्युपत्राचा व्यवस्थापक. त्याला इथे परत येता येईल की नाही मला माहीत नाही, पण कागदावर त्याचे नाव असू द्या. आमची नावे कागदावर असण्याची या लोकांना सवय राहावी.

माझी सगळी गुरे मॅन्युएलला दिली आहेत, कारण बेंताला देता येत नाहीत. ती त्याने पानगळीच्या सुरुवातीलाच उत्तरेला मेरीलँडच्या हद्दीत नेली. विकायला नेतो असे त्याने विचारणाऱ्यांना सांगितले आणि मीही तेच सांगितले.

कान कापायची सुरी आणि कोर्टात नोंदलेली माझी खूण, उजवा कान टोकाशी सरळ, डाव्याला खालून एक खाच, बेंताला. ती खूण तिने तिथल्या कोर्टात आपल्या नावाने नोंदवावी. माताम्बाच्या गुरांना दुसऱ्या कोणाची खूण लागू नये.

थॉमस पेंडल याला मी एकच वस्तू ठेवते, त्याच्या मुलीचे नाव. इतकी वर्षे तो तिला ती पोरगी म्हणत आला. तिचे नाव बेंता आहे. हे वाचले जात असताना सर्वांसमोर त्याने ते एकदा तोंडाने घ्यावे. त्याला घेता येत नसेल तर कारकुनाने पुन्हा वाचावे. त्याला बाकी काही नाही.

बेंता इथे नाही, हे कोर्टाने नोंदवून घ्यावे. मी मेल्यावर कायदा तिला सहा महिने देतो. पण मृत्युपत्र मान्य होईपर्यंत ती मालमत्ताच, आणि ते मान्य करणाऱ्यांत थॉमस बसलेला. माझ्या मढ्यावरची चादर निघायच्या आत तो कर्जाचे काहीतरी खोटे खत दाखवून तिला उचलील. म्हणून ती मी जिवंत असतानाच जायला हवी होती. ती ऐकेना.

"तुझे पाय बघ, आजी. तुला पाणी कोण देईल? तू असेपर्यंत मी हलणार नाही. पुढचं पुढं."

"पुढचं पुढं म्हणूनच तुझी आई गेली."

"मॅन्युएल होडी घेऊन परत आलाय, तो थांबायला तयार आहे. मीही थांबते. तुला माती देते आणि जाते."

"होनोरा देईल माती."

"होनोरा माझ्या आजीची कोण?"

होनोरा चुलीपाशी बसली होती. ती म्हणाली, "पोरी, मी तुझ्या आजीची कोण ते तुला सांगायला बसले तर भरती निघून जाईल. जा तू."

तरी हलेना. दारात बसून राहिली, बापासारखी हनुवटी पुढे काढून. तेव्हा मी आयुष्यात कधी बोलले नव्हते ते बोलले. मी म्हणाले, "बेंता, खरेदीखतावर माझं नाव आहे. मी तुझी मालकीण आहे. गुलामाला हो-नाही नसतं. मॅन्युएलच्या होडीत बस. ही आज्ञा आहे."

ती उठली. माझे पाय पुसले, शाल पांघरली, पाण्याचा तांब्या हाताशी ठेवला, आणि गेली. मालक असणे म्हणजे काय ते मला तेव्हा कळले. इतके सोपे असते, याचाच मला सगळ्यात जास्त संताप आला. मी तिच्याजवळ परवाना दिला आहे, माझी गुलाम माझ्या परवानगीने मीठ आणायला जात आहे, म्हणून. माझ्या अंगावर माती घालायला ती नसेल. ते मी थॉमस पेंडलच्या नावावर लिहिते, सभेतल्या सर्वांच्या नावावर लिहिते, आणि त्या दिवशी बाकांवर बसून हसलेल्या प्रत्येकाच्या नावावर.

शेवटचे कलम. मास्तर विचारत होते, इथे साध्या शब्दांत मुक्त करते असे लिहू का? मी नाही म्हणाले. ज्या शब्दांनी माझी मुलगी नेली त्याच शब्दांनी परत लिहा, म्हणजे कोणाला त्यात पळवाट काढता येणार नाही. मास्तरांनी तसेच लिहिले.

बेंता, माझी नात, आणि तिची पुढची सगळी पैदास, नर आणि मादी, जन्मलेली आणि जन्मायची, तिची, तिच्या मुलींची आणि त्यांच्या मुलींची, कायमची, मी बेंताला देते.

हे सर्व मला दोनदा वाचून दाखवले. मी ऐकले आणि कबूल केले.

ठिकाण: माझे घर, खाडीकाठ, नॉर्थॅम्प्टन परगणा
तारीख: ११ नोव्हेंबर १६९२

ग्रासिया मेंदिस हिची निशाणी: उजवा कान टोकाशी सरळ, डाव्याला खालून एक खाच

साक्षीदार:
जोनास ऑल्ड्रेड, शाळामास्तर, सांगितले तसेच लिहिले
होनोरा, विधवा, हिच्याच भांड्यात जेवलेली, तिची निशाणी